वितीखालची जमीन

इर्जिकीला पहिली कुदळ बोलावणाऱ्याच्या हातची. नाहोय गावात हा रिवाज कुणी कुणाला शिकवत नाही. वानखामनं त्या सकाळी अशी काही कुदळ हाणली, की ढेकूळ उडून तिच्याच नवऱ्याच्या नडगीवर बसलं.

"आगं, जमीन फोडायची हाय, मला न्हाई!" थोंगदी नडगी चोळत म्हणाला.

"मदी उभा ऱ्हायलास तर दोनी फुटंल. बाजूला हो."

माणसं हसली आणि कामाला लागली. घरटी एक अशी माणसं आली होती; आज हिच्या शेतात, उद्या तिच्या, अशी इर्जिकीची फेड. बायका जास्त, कारण तरणे गडी नदीपलीकडच्या देशात कारखान्यांत गेलेले. जमीन ओढ्यापलीकडच्या उतारावरची. वानखामच्या सासऱ्याची, पण सासऱ्यानंही तिच्यात कधी फाळ घातला नव्हता. लढाईच्या वर्षांत विमानं येऊन गेली, तेव्हापासून त्या उतारावर गुरंसुद्धा सोडत नसत. बोम्बी पेरलेल्या होत्या तिथं. बोम्बी म्हणजे पेरूएवढा लोखंडी गोळा; एकेका मोठ्या बॉम्बच्या पोटातून असे शेकड्यांनी सांडले आणि निम्मेशिम्मे न फुटताच मातीत गेले. ते अजून वाट बघत होते.

यंदा थंडी सरताना सफाईची टोळी आली. दोऱ्या बांधल्या, पट्टे आखले, पिंपिं करणारी यंत्रं फिरवली, गुडघ्यावर बसून चमच्यानं उकरावं तशी माती उकरली. टोळीचा म्होरक्या सीसावात हा वानखामच्या बहिणीचाच मुलगा. शेवटच्या दिवशी तो म्हणाला होता, "मावशी, साफ झालं. आता नाचलीस तरी चालंल."

मावशी नाचली नाही. घरोघर गेली. उंबऱ्याशी बसून प्रत्येकीला म्हणाली, "जमीन साफ हाय. माजा शबूद." तेवढ्यावर माणसं आली होती.

काम म्हणाल तर सोपं, पण कंबर मोडणारं. उताराचं भातखाचर करायचं म्हणजे वरची बाजू कापायची, ती माती खाली ओढायची आणि सपाटी साधायची. तरव्यात रोपं गुडघ्याएवढी झाली होती, पावसाचा जोर वाढत होता. आठवडाभरात लावणी झाली नाही, तर रोपं पेंढ्या बांधून म्हशींना घालायची वेळ येणार. उन्हं वर आली तसे सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटले. वरच्या बाजूला शेजारीण पेंग होती. तिच्या तोंडाला खळ नसायची. "वानखाम, कोंबडी किती कापल्यात त्ये सांग, तेवढंच खनीन," असं म्हणत तिनं कुदळ घातली आणि आवाज झाला.

दगडाचा आवाज सगळ्यांना माहीत होता. हा दगडाचा नव्हता.

सगळा उतार जागच्या जागी थिजला. कुणी वाकलेलं, कुणाचा हात वर. पेंगच्या मानेवरची शीर तेवढी उडत होती.

"पेंग," वानखाम म्हणाली. आपला आवाज इतका शांत कसा निघाला, हे तिचं तिलाच कळलं नाही. "कुदळ हालवू नगं. दांडा मातीवर टेकव. सावकाश. आता हात सोड. आन् आल्या पावलानं मागं ये."

पेंग मागं आली. एकेक माणूस आपापल्या ठशात पाय ठेवत ओढ्यापर्यंत आलं. सगळी आल्यावर वानखामनं वळून पाहिलं. कापलेल्या कडेत गंजका गोळा अर्धा बाहेर आला होता.

जेवण पहाटेपासून रांधलेलं होतं. चिकट भाताच्या टोपल्या, कोंबडीचा रस्सा, भाजल्या मिरच्यांचा ठेचा. इर्जिकीचं जेवण टाकून जाता येत नाही, म्हणून माणसं अंगणात चटयांवर बसली आणि खाली मान घालून जेवली. एरवी या पंगतीत तांदळाची दारू फिरते, चावट गाणी होतात. आज फक्त चावण्याचे आवाज येत होते. पेंगला भाताचा गोळा वळता येईना, बोटं कापत होती. तिचा नवरा, खामला त्याचं नाव, बाहेरून आला होता, त्यानं तिच्या हातात गोळा वळून दिला. मग वानखामकडे बघून म्हणाला,

"भात तुजा हाय म्हून खातो, वानखाम. शबूद बी तुजाच हुता म्हून बायकूला धाडली हुती."

वानखाम रस्सा वाढत राहिली.

संध्याकाळी सीसावात चार माणसं घेऊन आला. कर्ण्यावरून ओरडून गावाला लांब केलं, तार ओढली आणि बार काढला. घरांच्या पत्र्यांवर खडे वाजले. धूर निवल्यावर तो कापलेल्या कडेपाशी गेला, हात कोपरापर्यंत आत घालून बघितला.

"मावशी, आमी एक वीत आन् वर चार बोटं एवढंच खाली बघतो. तोच नियम. तू तर इथं हातभर कापलंस."

"कापल्याबिगर खाचर हुतंय व्हय?"

"पन तू साबुकंद लावनार म्हनाली हुतीस! साबुकंदाला वीतभर पुरतं."

वानखामचा चेहरा उतरला. साबुदाण्याचा तो कंद लावते, असं म्हणाली होती खरी. जमीन कुणाची आधी साफ करायची हे ठरवायला कचेरीची माणसं आली, तेव्हा गावचा मुखिया कानाशी लागला होता, की साबुकंद सांग, साबुकंदवाल्यांचा नंबर लवकर लागतो. तिनं सांगितलं. त्यात तिला काही वावगं वाटलं नव्हतं. आपली जमीन, एकदा साफ झाली की काय लावायचं ते आपण बघू. नंतर ओढ्याचं पाणी वळवता येईल असं दिसलं आणि तिनं भाताचा तरवा टाकला. खोलीचं तिच्या डोक्यातच आलं नाही. साफ म्हणजे साफ. वीतभर साफ आणि खाली तसंच, अशी जमीन असते हे तिला कोण सांगणार?

"चुकलं माजं," ती म्हणाली. "साबुकंद म्हनाले आन् भात टाकला. त्ये माजं चुकलं."

सीसावातनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तो तिशीचा, पण त्या घडीला शाळेत छडी खाल्लेल्या पोरासारखा दिसत होता.

"माजंबी हाय, मावशी. तुजा तरवा रोज जाता येता मला दिसत हुता. हिरवागार. टोळीतल्या पोरी म्हनाल्यासुदा, मावशीचं रोप ब्येस आलंय. म्या इचारलं न्हाई. इचारलं असतं तर आनखी खोल बघावं लागलं असतं, आन् पावसाआदी काम उरकायचं हुतं."

"मंग आता बघ."

"आता कसं बघू? वरनं हुकूम न्हाई. परदेशचा पैसा बंद झालाय. परवा तुज्या जमिनीचा सोहळा झाला की दुसऱ्या दिशी टोळी उठनार. माजी नोकरी बी संपली."

सीसावात गेल्यावर वानखाम अंधार पडेस्तोवर तरव्याच्या बांधावर बसली. रोपं वाऱ्यानं हलत होती. एवढी चांगली रोपं तिला आयुष्यात साधली नव्हती, आणि त्याचाच आता राग येत होता.

दुसऱ्या दिवशी पेंगच्या घरची इर्जिक होती. वानखामवर तिचं एक माणूस देणं होतं. बोलावणं आलं नव्हतं, तरी ती कुदळ खांद्यावर टाकून गेली. देणं ते देणं. खामला बांधावरच उभा होता.

"आज मानसं बख्खळ झाली, वानखाम."

खाचरात मोजकीच माणसं होती. पेंग वाकून चिखल कालवत होती. तिनं वर पाहिलं नाही. वानखाम आली तशी परत फिरली. परतीची वाट गावाच्या मधून होती. दारादारांतून बायका बघत होत्या, आणि खांद्यावरची कोरडी कुदळ लपवायला जागा नव्हती. पंचवीस वर्षं या गावात तिनं दुसऱ्याच्या चिखलात पाय घातले होते. माघारी धाडलं जायची ही पहिलीच वेळ.

दुपारी कचेरीतले फोमी साहेब आले. मोटारसायकल खांबांवरच्या घराच्या शिडीपाशी लावून वर आले, चटईवर बसले, दिलेलं पाणी प्यायले. माणूस वाईट नव्हता. घाईत होता.

"वानखामबाई, उद्याचं लक्षात आहे ना? पाहुणे येणार आहेत. त्यांच्या मनगटाला पांढरा धागा बांधायचा आणि म्हणायचं, जमीन सुरक्षित झाली, आभारी आहोत. दोन वाक्यं."

"जमीन सुरक्षित न्हाई झाली."

"हो, ते समजलं मला. पण ते उद्या काढायचं नाही. हे पाहुणे कुठल्या देशाचे, ठाऊक आहे?"

"इमानवाल्या."

"त्यांनीच इतकी वर्षं पैसा दिला. तो थांबलाय. उद्या त्यांना बरं वाटलं तर कदाचित पुन्हा सुरू होईल. हे सगळं विश्वासावर चालतं. तुम्ही तिथं तक्रार मांडली, तर ते म्हणतील, यांची सफाईच खोटी. मग पलीकडच्या दहा गावांचं काय? त्याची जबाबदारी तुम्ही घेणार?"

हे मात्र वानखामला लागलं. पलीकडच्या गावात तिची धाकटी नणंद होती. तिच्या परसात अजून धोक्याच्या तांबड्या काठ्या रोवलेल्या होत्या.

साहेब गेल्यावर थोंगदी म्हणाला, "बोल की दोन वाक्यं. जीभ झिजतीया व्हय? खालच्या अंगाला साबुकंद लावू. म्या टोपल्या विणीन. पोट भरंल."

"पोटाचं न्हाई रं."

"मंग?"

"त्यास्नी साफ म्हनले, की गावाला बी परत एकदा साफ म्हनल्यागत हुतंय. पेंगच्या म्होरं उभी ऱ्हाऊन. देशाचा देशावरचा इस्वास जपायचा, आन् गावाचा माज्यावरचा गाडायचा?"

थोंगदीनं बांबूची कामटी सोलता सोलता थांबून तिच्याकडे पाहिलं. "आता तू कुनाचं ऐकनार न्हाईस," तो म्हणाला. "तुज्या नाकपुड्या फुगल्यात."

सोहळ्याला मांडव घातला होता, खुर्च्यांना पांढऱ्या खोळी चढवल्या होत्या. सगळं गाव चटयांवर. मधोमध केळीच्या पानांचा उंच द्रोण, त्यात झेंडू आणि पांढऱ्या धाग्यांच्या लडी. पाहुणा उंच होता, पन्नाशीचा, घामानं निथळत होता आणि तरी मांडी घालून बसायची खटपट करत होता. त्याचे गुडघे दोन्ही बाजूंनी वर यायचे. बायकांनी तोंडावर हात धरले. शेजारी दुभाषी मुलगी, राजधानीची, इस्त्रीच्या कपड्यांतली. भाषणं झाली. फोमी साहेबांनी खूण केली आणि वानखाम धागा घेऊन पुढं गेली.

पाहुण्यानं मनगट पुढं केलं. गोरं, केसाळ मनगट. वानखाम समोर गुडघ्यावर बसली. धागा हातात धरला. बांधला नाही.

"हा धागा खरं बोलून बांदायचा असतोय," ती म्हणाली. "तवा आदी बोलते. ती वरली जमीन साफ न्हाई. वीतभर साफ हाय, खाली न्हाई. परवा या माज्या शेजारनीच्या कुदळीखाली बोम्बी आली."

फोमी साहेब घाईनं दुभाषीकडे झुकले, "सांगा, ती आभार मानतेय."

मुलीनं साहेबांकडे पाहिलं, मग वानखामकडे. मग ती पाहुण्याकडे वळून बोलायला लागली आणि बरंच बोलली. पाहुण्याचा चेहरा बदलत गेला, तेव्हा सगळ्यांना कळलं, की तिनं आभार सांगितले नाहीत.

वानखाम थांबली नाही. "यात माजं चुकलंय. साबुकंद सांगून म्या भात टाकला. आन् नीट ठाव नसताना घरोघर जाऊन शबूद दिला. पेंग, खामला, सगळ्यांच्या म्होरं सांगते, त्ये माजं. सीसावातनं त्याचं जे चुकलं त्ये मला सांगितलं, त्ये त्याचं. आता ऱ्हायलं त्ये खालचं. त्ये काय जमिनीत उगवलं न्हाई. त्ये कुनाचं?"

पाहुणा हळू आवाजात बोलला. मुलीनं सांगितलं, "ते म्हणतात, त्यांना फार वाईट वाटतं. पण तेव्हा ते स्वतः लहान मूल होते."

"म्याबी पाळन्यातच हुते की," वानखाम म्हणाली. "तुमी टाकलं न्हाई, म्याबी टाकलं न्हाई. पन उकरायचं दर साली माज्याच वाट्याला."

"ते म्हणतात, ही गोष्ट ते वर कळवतील."

"वर?" वानखामनं मांडवाच्या कापडाकडे मान केली. "वरनंच तर आलं हुतं त्ये."

मागं कुठंतरी म्हातारा मुखिया फस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. पाहुणा हसला नाही. मनगट मात्र त्यानं मागं घेतलं नाही. तसंच पुढं धरून बसला होता, काय करावं हे न कळलेल्या माणसासारखा. वानखामला त्याची थोडी कीवही आली. पण कीव आली म्हणून धागा बांधायचा, तर मग रोजच कुणाला ना कुणाला बांधावा लागेल. तिनं धागा परत द्रोणावर ठेवला.

"ज्या दिशी हातभर साफ हुईल त्या दिशी या. कोंबडी कापीन, धागा बांदीन, आन् दारू बी पाजीन. आज न्हाई."

ती उठून चालायला लागली. मागून फोमी साहेब दात आवळून म्हणाले, "यादीतून नाव कायमचं गेलं म्हणून समजा." तिनं ऐकलं. भीती वाटली, खूप वाटली. तरी मान वळवली नाही.

टोळीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. सामान बांधलेलं, पोरी मागं बसलेल्या. ती ओढ्यापाशी येऊन थांबली. सीसावात उतरला, दोऱ्या सोडल्या आणि आपलं यंत्र खाली घेतलं.

"साहेबांनी दुपारपातूर तालुक्याला पोचायला सांगितलंय," तो वानखामला म्हणाला. "हुकूम न्हाई. काय झालं तर माज्या डोक्यावर. दुपारपातूर हुईल तेवढं हुईल."

"तुज्या नोकरीचं?"

"गेलेली नोकरी आनखी कुटं जानार?"

पोरीही उतरल्या. कुणी काही न बोलता दोऱ्या ताणल्या. कापलेल्या भागापासून त्यांनी सुरुवात केली, थर काढून पुन्हा बघायचं, पुन्हा थर काढायचा. ऊन चढलं, मग सर आली, मग पुन्हा ऊन. गाव ओढ्याच्या अलीकडे उभं राहून बघत होतं. आणखी एक बोम्बी निघाली, तिचा बार झाला. दुपार टळली तेव्हा निम्मं खाचर झालं होतं. तिथं सीसावातनं तांबड्या काठ्यांची ओळ रोवली.

"इथपातूर हातभर साफ," तो म्हणाला. "ह्याच्या वर पाऊल टाकू नगं, मावशी. आन् ह्या बारीला काय लावनार त्ये खरं सांग."

"भात."

"मंग ठीक हाय."

गाडी गेल्यावर वानखाम खाचरात उतरली. थोंगदी मागोमाग आला, तर त्याला तिनं ओढ्याशीच थांबवलं. "आदी म्या." आणि काठ्यांच्या खालची सगळी पट्टी तिनं एकटीनं खणली. लावणीला लागतं त्यापेक्षा खोल. प्रत्येक घावाला डोळे मिटत होते आणि प्रत्येक घावानंतर ती ते उघडत होती. तिनं कुणाला हाक मारली नाही, कुणाला शब्द दिला नाही. दोन दिवस ती खणत होती. तळहाताचे फोड फुटून दांडा ओला झाला. बघायचं त्यांनी बघितलं.

तिसऱ्या दिवशी तिनं पाणी घेतलं, चिखल केला. नवराबायको रोपं लावायला लागली, तोच कचेरीची दोन माणसं एक पाटी घेऊन आली. निळी, चकचकीत, लोखंडी खांबाची. हा परिसर अमुक देशाच्या मदतीनं सुरक्षित करण्यात आला आहे, असं दोन भाषांत लिहिलेलं. फोमी साहेब मोटारसायकलवरूनच म्हणाले, "तिथं वर, रस्त्यावरून दिसेल अशी. वरच्या कोपऱ्यात ठोका."

"वरच्या कोपऱ्यात तुमी जानार का त्ये दोघं?" वानखामनं विचारलं.

दोघं जागच्या जागी थांबले. वानखाम चिखलातून बाहेर आली, त्या माणसाच्या खांद्यावरून पाटी उतरवून घेतली आणि खेचत खाचरात आणली. तांबड्या काठ्यांच्या ओळीवर तिनं ती उभी केली.

"पाटी अशी मध्येच लावता येत नाही!" साहेब ओरडले. "सरकारी आहे ती. तिची जागा ठरलेली आहे."

"तर मंग तितपातूर जमीन साफ करून द्या. म्या सोता उचलून वर न्हेऊन ठोकते. तवर जितकं खरं हाय तितक्यावरच ऱ्हाईल."

खांब जड होता. एका हातानं धरून दुसऱ्यानं ठोकता येईना. पाटी डावीकडे कलली, सावरली, मग उजवीकडे कलली. थोंगदी धावला, पण चिखलात पाय अडकून बसकण मारली. साहेबांची माणसं पुढं आली नाहीत.

तेवढ्यात बांधावरून कुणीतरी खाचरात उतरलं. पोटऱ्यांपर्यंत चिखल उडवत पेंग आली. कुदळीखाली बोम्बी आली त्या दिवसापासून ती वानखामशी एक शब्द बोलली नव्हती. आताही तोंडाकडे न बघताच तिनं दोन्ही हातांनी खांब धरला.

"पेंग, आदी ऐक. ह्या काठीच्या वर न्हाई बरं का, हितनं खालीच..."

"ठाव हाय. दोन दीस बगितलंय," पेंग म्हणाली. "सरळ धरलंय म्या. ठोक आता."